पट, पाढे अन् लसावि : पोट्टे, मायबाप अन् भरतीवाले नेहमी विचारतात ते प्रश्न

संध्याकाळच्या शिकवणीत पाचवी-सहावीचे पोट्टे असतात, स्कॉलरशिप अन् नवोदयवाले असतात, अन् रात्री अभ्यासिकेत पोलीस भरती, तलाठी भरतीवाले. वय वेगळं, पण विभाज्य अन् लसावि (लघुतम सामाईक विभाज्य, म्हणजे दिलेल्या सगळ्या संख्यांच्या पाढ्यात येणारी सगळ्यात लहान संख्या) आलं की सगळे जवळपास त्याच ठिकाणी अडतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. प्रश्न जसे येतात तसेच ठेवले आहेत.

विभाज्य म्हणजे पाढाच ना? मंग वेगळं नाव कायले?

पाढाच आहे. फक्त पाढा आपण दहावर थांबवतो अन् विभाज्य थांबत नाहीत. सातचा पाढा सत्तरला संपला म्हणून ७७, ८४, ९१ हे सातचे विभाज्य नाहीत असं थोडीच आहे, ७०० पण आहे, १००१ पण आहे (७ गुणिले १४३ करून पाहा). एखाद्या संख्येला कोणत्याही पूर्ण संख्येनं गुणलं की जे येते ते तिचं विभाज्य. बोलताना आपण "सातच्या पटीत" म्हणतो, तेच.

वावरातलं पाहा. तिफणीनं (तीन दात्यांच्या पेरणीच्या अवजारानं) पेरलं की एका फेरीत तीन तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, पडतात, दोन फेऱ्यांत सहा, तीन फेऱ्यांत नऊ. कितीही फेऱ्या मारा, तासांची संख्या तीनच्या पटीतच येणार. आता वावरात ५० तास बसतात असं समजा, तर तिफणीनं बरोबर ५० पेरता येतील का? १६ फेऱ्यांत ४८ होतात अन् सतराव्या फेरीत ५१, मधात ५० येतच नाही. ५० ला ३ नं भागलं तर बाकी २ उरते. ओळखायची खूण हीच, बाकी शून्य आली तर विभाज्य, काही उरलं तर नाही.

विभाज्य अन् विभाजक, पोरगं दर वेळी उलटंच लिहून येते, काय करावं?

लहान-मोठं पाहायला सांगा. १२ चे विभाजक म्हणजे ज्यांनी १२ ला पूर्ण भाग जाते ते, १, २, ३, ४, ६, १२, संपले. १२ चे विभाज्य म्हणजे १२, २४, ३६, ४८ अन् पुढं चालूच. विभाजक मोजून संपतात, विभाज्य संपत नाहीत. विभाजक संख्येपेक्षा मोठा होत नाही, अन् विभाज्य (शून्य सोडलं तर) संख्येपेक्षा लहान होत नाही. दोन्ही यादीत येते ती एकटी १२ स्वतः. पोराला दोन्ही यादी शेजारी-शेजारी लिहायला लावा, नुसती व्याख्या पाठ करून घेतली तर आठ दिवसांनी पुन्हा उलटंच लिहीन.

शून्य कुणाचं विभाज्य आहे का नाही? एक सर आहे म्हणतात, एक नाही म्हणतात.

आहे. ७ × ० = ०, म्हणजे ० हे सातचं विभाज्य झालं, अन् प्रत्येकच संख्येचं झालं. पूर्ण संख्यांत शून्य येतेच. पण लसावि काढताना शून्य धरत नाहीत, कारण धरलं तर जगातल्या कोणत्याही दोन संख्यांचा लसावि शून्यच येईन अन् मंग तो काढायचाच कायले. म्हणून दोन्ही सर आपापल्या जागी बरोबर आहेत. अन् खुद्द शून्याचं विभाज्य फक्त शून्यच.

पाढे पाठ नाहीत तर हे जमन का?

जमते, थोडा वेळ लागते. उड्या मारत बेरीज करत जा, १७, ३४, ५१, ६८, असं. नाही तर संख्या फोडा, सतरा आठ किती तर दहा आठ ऐंशी अन् सात आठ छप्पन्न, झाले १३६. तरी माझं मत विचारलं तर वीसपर्यंत पाढे पाठ पाहिजेतच. आपल्या आजोबा लोकांना तीसपर्यंत तर यायचेच, वरून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, आजच्या पोट्ट्यांना हे नाव पण माहीत नसते. तो जुना भार पुन्हा पोरांवर टाका असं नाही म्हणत, पण कापसाच्या काट्यावर हिशोब तोंडी करणारा म्हातारा गावात अजून असन तर त्याच्यापाशी पोराला एकदा बसवा.

मोठी संख्या समोर आली तर भागाकार न करता कसं ओळखायचं?

विभाज्यतेच्या कसोट्या. २, ५, १० च्या तर सगळ्यांना येतात, शेवटचा अंक पाहायचा. ३ अन् ९ साठी अंकांची बेरीज, ४५२७ ची बेरीज १८, म्हणून ९ नं भाग जाते (९ × ५०३). हे चालते कशामुळं तर १० म्हणजे ९ अधिक १, १०० म्हणजे ९९ अधिक १, तो नऊचा भाग बाजूला काढला की प्रत्येक अंकामागे तो अंकच उरते. ४ साठी शेवटचे दोन अंक, ८ साठी शेवटचे तीन. ११ साठी एकाआड एक अंकांची बेरीज करून वजाबाकी, २७२८ मध्ये २ + २ = ४ अन् ७ + ८ = १५, फरक ११, म्हणजे भाग जाते. फरक शून्य आला तरी जाते. ७ ची कसोटी फार कोणी वापरत नाही, शेवटचा अंक दुप्पट करून बाकीच्यातून वजा करायचा, ३९२ चं ३९ वजा ४ म्हणजे ३५, जाते.

आता इथं एक खड्डा आहे. ६ साठी २ अन् ३ दोन्हीनं भाग गेला पाहिजे, १२ साठी ३ अन् ४ नं, १५ साठी ३ अन् ५ नं, हे बरोबर. मंग पोट्टे डोकं चालवतात की ८ साठी २ अन् ४ नं गेलं म्हणजे झालं. नाही होत. १२ ला २ नं पण जाते, ४ नं पण जाते, ८ नं कुठं जाते? जोडी अशी पाहिजे की दोघांत १ सोडून सामाईक काहीच नाही, म्हणजे सहमूळ. २ अन् ४ मध्ये तर २ सामाईक आहे.

सामाईक विभाज्य म्हणजे काय, सोपं करून सांगा.

गाड्यांच्या पासिंगवरून सांगतो, हे पोट्ट्यांना लगेच समजते. आपल्या विदर्भाचे नंबर पाहा : २७ अमरावती, २८ बुलढाणा, २९ यवतमाळ, ३० अकोला, ३१ नागपूर, ३२ वर्धा, ३३ गडचिरोली, ३४ चंद्रपूर, ३५ गोंदिया, ३६ भंडारा, ३७ वाशीम. (नागपूरचे ४० अन् ४९ पण आहेत, ते सध्या सोडा.)

तीनच्या पटीतले कोणते? अमरावती, अकोला, गडचिरोली, भंडारा. चारच्या पटीतले? बुलढाणा, वर्धा, भंडारा. दोन्ही यादीत कोण आलं, एकटा भंडारा, ३६. म्हणजे ३६ हे ३ अन् ४ चं सामाईक विभाज्य. तीन अन् पाच घेतलं तर अकोला. सात अन् पाच घेतलं तर गोंदिया. अन् यवतमाळ, नागपूर, वाशीम कोणत्याच पाढ्यात सापडत नाहीत, एकच्या अन् स्वतःच्या सोडून, कारण २९, ३१, ३७ मूळ संख्या आहेत. यवतमाळचा एक पोट्टा याच्यावर लय खूश झाला होता.

पण ३ अन् ४ चं सगळ्यात लहान सामाईक विभाज्य ३६ नाही, ते १२ आहे, ३६ तर तिसरं. १२, २४, ३६, ४८, सगळे १२ च्याच पाढ्यातले. हे प्रत्येक जोडीला लागू आहे, सगळे सामाईक विभाज्य हे लसाविचेच विभाज्य असतात. म्हणून एक लसावि काढला की बाकीचे काढायची गरजच नाही, त्याचा पाढा म्हणत जा. पेपरात "६ अन् ८ चे १०० पेक्षा लहान सामाईक विभाज्य किती" असं आलं तर लसावि २४, अन् २४, ४८, ७२, ९६, उत्तर ४.

लसावि काढायच्या तीन-चार पद्धती आहेत, नेमकी कोणती करू?

लहान संख्या असन तर मोठ्या संख्येचा पाढा म्हणा अन् प्रत्येक ठिकाणी विचारा, लहानीनं भाग जाते का. १२ अन् १८ चा लसावि काढायचा, तर १८ ला १२ नं जात नाही, ३६ ला जाते, झालं. दोन्ही पाढे लिहून जुळवत बसायचं काम नाही. मला ही सगळ्यात आवडते, कारण यात पोराला दिसते की आपण शोधून काय राहिलो.

मोठ्या संख्या आल्या की मूळ अवयव पाडा. ६० = २ × २ × ३ × ५ अन् ८४ = २ × २ × ३ × ७. ६० साठी जे लागते ते सगळं घ्या, मंग ८४ साठी त्यात काय कमी पडते ते पाहा, फक्त ७ कमी पडते. म्हणून २ × २ × ३ × ५ × ७ = ४२०. "जास्तीत जास्त घातांक घ्या" हा नियम पाठ करण्यापेक्षा "कमी काय पडते" हे विचारणं सोपं जाते.

उभी मांडणी तीन संख्यांना बरी पडते. ८, १२, १५ घ्या. २ नं ४, ६, १५. पुन्हा २ नं २, ३, १५. ३ नं २, १, ५. आता डावीकडचे २, २, ३ अन् खाली उरलेले २, १, ५, सगळ्यांचा गुणाकार १२०. यात लक्षात ठेवा की लसाविसाठी तीनपैकी दोघांना जरी भाग गेला तरी भागायचं, ज्याला गेला नाही त्याला तसंच खाली उतरवायचं, पण मसाविसाठी (महत्तम सामाईक विभाजक, म्हणजे सगळ्यांना पूर्ण भाग देणारी सगळ्यात मोठी संख्या) तिघांनाही गेला पाहिजे. अर्धे मार्क इथंच जातात.

सरळ गुणाकार केला तर लसावि येत नाही का?

सामाईक विभाज्य येते, लघुतम येईलच असं नाही. ४ × ६ = २४ हे दोघांचंही विभाज्य आहे, पण त्याच्या आधी १२ होऊन गेलं. ८ अन् ९ असन तर गुणाकारच लसावि, ७२, कारण दोघं सहमूळ आहेत. एक संख्या दुसरीच्या पाढ्यातच असन, जसं ७ अन् ३५, तर मोठी संख्याच लसावि.

लसावि गुणिले मसावि बरोबर दोन संख्यांचा गुणाकार, हे तीन संख्यांना पण चालते ना?

नाही चालत. २, ४, ६ घेऊन पाहा. लसावि १२, मसावि २, गुणाकार २४, अन् २ × ४ × ६ तर ४८. सूत्र फक्त दोन संख्यांसाठी.

शब्दी उदाहरण आलं की लसावि करायचा का मसावि हेच समजत नाही.

हा खरा प्रश्न. लसावि काढता येणारे शंभर पोट्टे मिळतील, कुठं काढायचा हे समजणारे पंधरा-वीस. कोचिंगमध्ये सांगतात "सर्वात मोठी" शब्द दिसला की मसावि अन् "सर्वात लहान" दिसला की लसावि. या भरवशावर राहू नका. "१२, १५ अन् १८ नं पूर्ण भाग जाणारी तीन अंकी सर्वात मोठी संख्या कोणती" याच्यात शब्द सर्वात मोठी आहे अन् काम लसाविचं आहे, लसावि १८०, त्याच्या पाढ्यात हजारच्या आत शेवटचं ९००. चार अंकी सर्वात लहान विचारली तर पुढचं, १०८०.

शब्द सोडा, उत्तर दिलेल्या संख्यांपेक्षा मोठं येणार का लहान, हे आधी विचारा. दोन झाडांची ८४ अन् १२६ संत्री आहेत, एकात एक न मिसळता सारखे अन् जास्तीत जास्त मोठे ढीग लावायचे, तर ढीग ८४ पेक्षा मोठा होऊच शकत नाही, म्हणून विभाजक, म्हणून मसावि, ४२. आता उलट, कमीत कमी किती संत्री आणली तर ८४-८४ च्या पेट्या पण पूर्ण भरतील अन् १२६-१२६ च्या पण? उत्तर १२६ पेक्षा कमी नसणार, म्हणून लसावि, २५२. तुकडे करणं, वाटणं, सारखे गट म्हणजे आत जाणं, मसावि. पुन्हा भेटणं, पूर्ण भरणं, परत येणं म्हणजे बाहेर जाणं, लसावि.

एसटीवाला प्रश्न दर वेळी येते, तो नीट समजवा.

समजा स्टँडवरून तीन गावांच्या गाड्या सुटतात, एक दर २० मिनिटांनी, एक ३० अन् एक ४५. सकाळी ६ वाजता तिन्ही एकत्र सुटल्या, पुन्हा एकत्र कधी? लसावि १८०, म्हणजे तीन तासांनी, ९ वाजता. इथपर्यंत सगळ्यांना येते. (आपल्याकडं लालपरी वेळेवर सुटली असती तर, हे वेगळं.)

मंग विचारतात की सकाळी ६ पासून संध्याकाळी ६ पर्यंत किती वेळा एकत्र सुटतील. ७२० भागिले १८० बरोबर ४, अन् पोट्टे ४ वर टिक करून येतात. पहिली ६ वाजताची मोजली का? ६, ९, १२, ३, ६, पाच वेळा होतात. "यानंतर किती वेळा" असं लिहिलं असन तर ४. प्रश्न दोनदा वाचायचा तो यासाठीच.

अन् सुरुवातच एकत्र नसन तर?

पुस्तकात हे फार कमी येते, पण जगात तर कोणतीच गोष्ट एकत्र सुरू होत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

एक गाडी ६:०० पासून दर २० मिनिटांनी, दुसरी ६:१० पासून दर ३० मिनिटांनी. पहिलीच्या वेळा ६:००, ६:२०, ६:४०, ७:००. दुसरीच्या ६:१०, ६:४०, ७:१०, ७:४०. ६:४० ला भेटल्या. एकदा भेटल्या की मंग पुढं लसाविनंच भेटणार, दर ६० मिनिटांनी, ७:४०, ८:४०.

आता दुसरी गाडी ६:१० ऐवजी ६:१५ ला सुरू करा. तिच्या वेळा ६:१५, ६:४५, ७:१५, ७:४५. पहिली तर कायम पूर्ण तास, वीस अन् चाळीसवर. दिवसभर स्टँडवर बसून राहा, कधीच भेटणार नाहीत. लसावि तर अजूनही ६० च आहे, पण त्याचा उपयोग शून्य.

असं कशामुळं होते? २० अन् ३० चा मसावि १०. दोन्ही गाड्या दहा-दहाच्याच उड्या मारत चालल्या, म्हणून सुरुवातीचा फरक दहाच्या पटीत असन तरच जुळते. फरक १० होता तेव्हा जुळलं, १५ झाला तेव्हा नाही. हा नियम दोन संख्यांसाठी पक्का आहे : सुरुवातीच्या फरकाला मसाविनं पूर्ण भाग गेला तर भेट आहे, नाही गेला तर कधीच नाही. अन् मसावि १ असन, म्हणजे सहमूळ संख्या असतील, तर सुरुवात कशीही असो, भेट ठरलेलीच. म्हणून दर सात दिवसांचा बाजार अन् दर चार दिवसांची पाण्याची पाळी, कधीही सुरू करा, २८ दिवसांत एकदा बाजाराच्या दिवशीच पाळी येणारच, टाळता येत नाही.

याच्यातच लाइटचं गणित बसते. पंपाची थ्री फेज समजा एक आठवडा दिवसा अन् एक आठवडा रात्री येते, म्हणजे चक्र १४ दिवसांचं. सामाईक विहिरीवर पाळी दर ४ दिवसांनी. आज सोमवार, दिवसाच्या लाइटचा पहिला दिवस अन् आपलीच पाळी. असाच सोमवार पुन्हा कधी? १४ अन् ४ चा लसावि २८. गुणाकार केला असता तर ५६ आलं असतं अन् मधातला एक सोमवार हातचा गेला असता.

बाकी उरते ते उदाहरण कसं करायचं?

दोन प्रकार आहेत. सगळीकडं बाकी सारखी असन तर लसाविमध्ये ती मिळवा. ६-६, ८-८ किंवा १२-१२ चे ढीग केले तरी दर वेळी ५ संत्री उरतात, कमीत कमी किती? लसावि २४, अधिक ५, म्हणजे २९.

बाकी वेगवेगळी असन तर आधी कमी किती पडते ते पाहा. ५, ६, ७ नं भागलं तर बाकी अनुक्रमे ३, ४, ५. वेगळ्या दिसतात, पण ५ ला ३ म्हणजे दोन कमी, ६ ला ४ दोन कमी, ७ ला ५ दोन कमी. सगळीकडं दोनच कमी आहेत, म्हणजे आणखी दोन टाकले की पूर्ण भाग. लसावि २१०, वजा २, उत्तर २०८. दोन्हीपैकी काहीच जुळत नसन तर वरच्या एसटीसारखं एकाच्या वेळा लिहून दुसऱ्याची बाकी तपासत जा, सूत्र शोधत बसू नका.

अपूर्णांकाच्या बेरजेत लसावि कायले लागते?

वावराचा १/४ हिस्सा एकाकडं अन् १/६ दुसऱ्याकडं, मिळून किती? चौथाई अन् सहावा भाग सरळ मिळवता येत नाही, दोन्हीचे तुकडे सारखे पाहिजेत. १२ एकर धरा, कारण १२ ला ४ नं पण जाते अन् ६ नं पण. चौथाई ३ एकर, सहावा भाग २ एकर, मिळून ५ एकर, म्हणजे ५/१२. छेदांचा लसावि काढणं म्हणजे असं वावर शोधणं ज्याचे दोन्ही हिस्से पुऱ्या एकरात येतील. २४ एकर धरलं तरी उत्तर तेच येते, १०/२४, फक्त मंग संक्षिप्त रूप द्यावं लागते.

भरतीच्या पेपरात दशांश अन् अपूर्णांकांचाच लसावि विचारतात, तो?

दशांश असन अन् टिंबानंतर एकच अंक असन तर सगळ्यांना १० नं गुणा, लसावि काढा, परत १० नं भागा. ०.६ अन् १.५ म्हणजे ६ अन् १५, लसावि ३०, उत्तर ३. अपूर्णांक असन तर अंशांचा लसावि भागिले छेदांचा मसावि, फक्त आधी अपूर्णांक संक्षिप्त करून घ्या. २/३ अन् ४/५ चा अंशांचा लसावि ४, छेदांचा मसावि १, उत्तर ४. पर्याय दिलेले असतील तर पर्यायांनाच भागून पाहा, दोन पर्यायांना भाग गेला तर त्यातला लहान.

हे शिकून शेतात काय कामाचं आहे?

पेरणीतच आहे. सोयाबीनमध्ये तूर टाकताना चार तास सोयाबीन अन् एक तास तूर असं ठरवलं, तर दर पाचवा तास तुरीचा. तिफण तीन-तीन तास टाकते. तुरीचे तास ५, १०, १५. पाचवा तास दुसऱ्या फेरीच्या मधल्या तासावर, दहावा चौथ्या फेरीच्या पहिल्या तासावर, पंधरावा पाचव्या फेरीच्या शेवटच्यावर, म्हणजे तुरीचं बी कोणत्या सरत्यात (बी सोडायच्या नळीत) टाकायचं ते दर वेळी बदलते. ३ अन् ५ चा लसावि १५, म्हणून पाच फेऱ्यांनी नमुना परत येते, अन् जाता-येता तिफण उलटते ते पण धरलं तर दहा फेऱ्यांनी. एवढं लक्षात ठेवून कोण पेरन.

तेच पाच तास सोयाबीन अन् एक तास तूर केलं तर चक्र सहाचं, ३ अन् ६ चा लसावि ६, दर दुसऱ्या फेरीला त्याच सरत्यात तूर. डोक्याला ताप नाही. ट्रॅक्टरचं सात दात्यांचं यंत्र असन तर मधल्या, म्हणजे चौथ्या दात्याला तूर ठेवा, तीन इकडं तीन तिकडं, शेजारच्या फेरीचे तीन मिळून दोन तुरींच्या मधात बरोबर सहा तास सोयाबीनचे येतात, अन् यंत्र उलटून आलं तरी मधला दाता मधलाच राहते.

वावराबाहेर पण भेटते. कॅलेंडर २८ वर्षांनी जसंच्या तसं परत येते, कारण आठवडा ७ चा अन् लीप वर्ष ४ चं, २०२४ चे वार १९९६ सारखेच होते अन् २०५२ ला पुन्हा तेच असतील. (फक्त तारीख-वार. पोळा तिथीवर असते, तो जुळणार नाही. अन् मधात २१०० सारखं लीप नसलेलं शतक आलं तर हा हिशोब मोडते.) अमेरिकेत सिकाडा नावाचे किडे आहेत, त्यांचा एक झुंड दर १३ वर्षांनी जमिनीतून बाहेर येते अन् एक दर १७ वर्षांनी. दोन्ही मूळ संख्या, म्हणून लसावि १३ × १७ = २२१. असे दोन झुंड २०२४ मध्ये एकाच वर्षी निघाले, हेच दोन त्याच्या आधी एकत्र निघाले ते १८०३ मध्ये. १८०३ म्हणजे आपल्याकडं अडगावची लढाई झाली अन् गाविलगड इंग्रजांनी घेतला ते वर्ष.

हे सगळं काढलं कोणी?

एका माणसाचं काम नाही. ग्रीसच्या युक्लिडनं इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास दोन अन् तीन संख्यांचा लसावि काढायची रीत सिद्ध करून ठेवली. आपल्याकडं राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, ८५० च्या आसपास, महावीराचार्यांनी अपूर्णांकांच्या बेरजेसाठी लसावि वापरला. त्याच्या आधी ४९९ मध्ये आर्यभटानं बाकी उरणाऱ्या उदाहरणांची कुट्टक रीत दिली, वरची एसटी त्याच घरातली आहे.

१ ते १० सगळ्यांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या कोणती?

२५२०. ८, ९, ५, ७ घेतले की बाकीचे आपोआप आत येतात. १ ते ९ चा पण लसावि २५२० च आहे, १० नं काहीच वाढत नाही. ११ आलं की मात्र एकदम २७७२०, अन् १२ नं पुन्हा तेवढंच राहते. कशामुळं ते पोट्ट्यांना विचारा.

सरावाला काही द्या ना, उत्तरासकट.

घ्या. एक, १४ अन् २१ चा लसावि. दोन, ९, १२, १५ नं भागलं तर दर वेळी ४ उरतात अशी लहानात लहान संख्या (४ सोडून). तीन, दोन संख्यांचा मसावि ६, लसावि ७२, एक संख्या १८, दुसरी कोणती. चार, एक गाडी ७:०० पासून दर २५ मिनिटांनी, दुसरी ७:१० पासून दर ३५ मिनिटांनी, पहिल्यांदा एकत्र कधी सुटतील अन् मंग पुन्हा कधी.

उत्तरं : ४२. १८४. २४. चौथ्यात २५ अन् ३५ चा मसावि ५, सुरुवातीचा फरक १०, भाग जाते म्हणजे भेट आहे, दुसरीच्या वेळा ७:१०, ७:४५, ८:२०, ८:५५, ९:३० तपासत गेलं तर ९:३० ला पहिली पण सुटते (१५० मिनिटं, सहा वेळा २५), अन् पुढची भेट लसावि १७५ मिनिटांनी, दुपारी १२:२५ ला.